शिंगाला बांधलेली चिठ्ठी : अमेरिकेतली हरणांची शिकार, परवाना आणि धंदा

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन दिले आहेत.)



आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. अमेरिकेत दरवर्षी लाखो लोक परवाना काढून हरणाची शिकार करतात. परवान्याबरोबर त्यांना टॅग मिळतो. टॅग म्हणजे काय, तर एक चिठ्ठी. कधी कागदाची, कधी प्लॅस्टिकची, पूर्वी काही ठिकाणी धातूची पट्टी असे. हरीण पडलं की शिकाऱ्यानं जागच्या जागी त्यावर तारीख नोंदवायची आणि ती चिठ्ठी शिंगाला किंवा कानाला बांधायची. एक टॅग, एक हरीण. ज्याच्या नावाचा टॅग, त्यानंच तो वापरायचा. टॅग संपला की त्या माणसाचा हंगाम संपला. राज्याराज्यांत तपशील बदलतात, पण गाभा हाच. शाळेतल्या मुलालाही कळेल इतका सोपा नियम.

आणि तरी याच चिठ्ठीवरून सतत खटले होत असतात. आजीच्या नावावर टॅग काढला आणि नातवानं वापरला. पाहुण्याचा नेम चुकला म्हणून वाटाड्यानं हरीण पाडलं आणि टॅग पाहुण्याचा बांधला. एका विभागासाठी दिलेला टॅग दुसऱ्याच विभागातल्या हरणाला लावला. लहान शिंगांचं हरीण झुडपात टाकून दिलं आणि तोच टॅग मोठ्या शिंगांच्या हरणासाठी राखून ठेवला. यातले काही प्रकार घरगुती आहेत, काही पैशासाठी केलेले. आज आपण मुख्यतः पैशासाठी केलेल्यांबद्दल बोलणार आहोत. म्हणजे आउटफिटर मंडळींबद्दल.

आउटफिटर हा शब्द आपल्याकडे रुळलेला नाही. शिकारीला येणाऱ्या पाहुण्याची सगळी व्यवस्था लावून देणारा व्यावसायिक, म्हणजे आउटफिटर. राहायची सोय, जेवणखाण, घोडा किंवा गाडी, मचाण, जंगलाची माहिती असलेला वाटाड्या, मारलेल्या जनावराची सोय, सगळं तो बघतो. हा व्यवसाय कायदेशीर आहे, बऱ्याच राज्यांत त्यालाही परवाना लागतो, आणि यातले पुष्कळजण सचोटीनं धंदा करतात. हे आधीच सांगून ठेवतो.

आता प्रश्न असा. हरीण तर मरणारच होतं. हंगाम चालू होता, कोट्यात बसत होतं. मग चिठ्ठीवर नाव या माणसाचं की त्या माणसाचं, यानं असं काय बिघडलं? हा कागदोपत्री गुन्हा आहे की त्याच्या मुळाशी आणखी काही आहे? आम्हाला वाटतं, इतिहासात गेल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही.

राजाचं हरीण, कुणाचंच नसलेलं हरीण

सुरुवात इंग्लंडपासून करू. नॉर्मन राजांनी मोठमोठी अरण्यं राजाच्या शिकारीसाठी राखून ठेवली. पुढे १६७१ च्या कायद्यानं शिकारीचा हक्क जमीनदारांपुरता ठेवला. वर्षाला किमान शंभर पौंड उत्पन्न देणारी जमीन ज्याच्या मालकीची, तो साधारणपणे शिकारीला पात्र. बाकीच्यांनी बघत बसायचं. १७२३ मध्ये तर ‘ब्लॅक अॅक्ट’ आला. तोंडाला काळं फासून हरणं मारायला शिरणाऱ्यांना फाशीची शिक्षा. हरणासाठी माणूस फासावर! म्हणजे हरीण हा तिथे नुसता प्राणी नव्हता, तो दर्जाचा प्रश्न होता. कुणी मारायचं यावरून कोण मोठा आणि कोण छोटा ते ठरत होतं.

अमेरिकेत जाऊन वसलेल्या माणसांना हे नको होतं. तिथे त्यांनी उलट टोक गाठलं. हरीण राजाचं नाही, जमीनदाराचं नाही, म्हणजे कुणाचंच नाही. आणि जे कुणाचंच नाही ते पहिला मारेल त्याचं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कॅरोलायनाच्या चार्ल्सटन बंदरातून वर्षाला सरासरी पन्नास हजारांच्या आसपास हरणांची कातडी इंग्लंडला जात होती. ती बहुतांशी क्रीक, चेरोकी अशा मूलनिवासी जमातींनी मिळवलेली आणि युरोपीय व्यापाऱ्यांनी बंदुका, कापड, दारू यांच्या बदल्यात घेतलेली. नराच्या कातड्याला इंग्रजीत ‘बक’ म्हणत. देवघेवीचा हिशोब बकमध्ये होई. आजही अमेरिकन माणूस डॉलरला बक म्हणतो, त्याचं मूळ इथे असल्याचं बहुतेकजण मानतात.

आवर घालायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. ऱ्होड आयलंडमधल्या पोर्ट्‌समथ या वस्तीनं १६४६ मध्येच वर्षातले काही महिने हरणाची शिकार बंद केली होती. पण नियम करणं वेगळं आणि पाळायला लावणं वेगळं. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, बर्फात मांस टिकवून लांब पाठवता येऊ लागलं, एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या रायफली आल्या. शहरातल्या हॉटेलांना हरणाचं मांस हवं होतं. बाजारासाठी मारणारे धंदेवाईक शिकारी तयार झाले. रात्री दिव्याच्या झोतानं हरणाचे डोळे दिपवायचे आणि गोळी घालायची, कुत्र्यांकरवी पाण्यात हाकलायचं आणि होडीतून मारायचं, हे सर्रास चाले. युरोपीय येण्याआधी उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं काही कोटी असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १९०० च्या सुमारास ती पाच लाखांच्या आत आली होती.

सगळ्यांचं हरीण

इथे टॅगची गोष्ट सुरू होते. दोन टोकं पाहून झाली होती. राजाचं हरीण अन्यायाचं ठरलं, कुणाचंच नसलेलं हरीण संपत आलं. तिसरी वाट निघाली ती अशी: हरीण सगळ्यांचं.

१८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘गीअर विरुद्ध कनेटिकट’ खटल्यात सांगितलं की रानटी पशुपक्षी ही राज्यातल्या सगळ्या लोकांची ठेव आहे आणि राज्य ती लोकांच्या वतीनं सांभाळतं. खटला पक्ष्यांचा होता, हरणांचा नव्हता. शिवाय पुढे १९७९ मध्ये याच न्यायालयानं राज्याच्या मालकीची भाषा मागे घेतली. पण विश्वस्ताची कल्पना रुजली ती रुजलीच. जमीन तुमची असू शकते, त्यावर चरणारं हरीण तुमचं नाही. आपल्या शेतात मोर नाचतो म्हणून मोर आपला होत नाही, तसंच काहीसं.

त्याच सुमारास परवाने आले. मिशिगननं १८९५ मध्ये हरणासाठी परवाना सक्तीचा केला. राज्यातल्या माणसाला पन्नास सेंट, बाहेरच्याला पंचवीस डॉलर, आणि एका हंगामात जास्तीत जास्त पाच हरणं. विस्कॉन्सिननं १८९७ मध्ये तेच केलं. मग १९०० मध्ये लेसी कायदा आला. आयोवाचे काँग्रेस सदस्य जॉन लेसी यांनी तो मांडला. एका राज्यात बेकायदा मारलेलं जनावर दुसऱ्या राज्यात नेलं तर तो केंद्राचा गुन्हा. बाजारासाठी मारणाऱ्यांची नाडी यानं आवळली गेली, कारण त्यांचा सगळा माल रेल्वेनं सीमा ओलांडून जात होता. राज्यांनी रानातल्या हरणाच्या मांसाची विक्रीही बंद केली. आजही अमेरिकेत हॉटेलात हरणाचं मांस मिळालं तर ते पाळीव हरणाचं असतं. शिकाऱ्यानं मारलेलं मांस घरी खाता येतं, शेजाऱ्याला देता येतं, विकता येत नाही.

हा शेवटचा मुद्दा नीट लक्षात ठेवा. सगळी व्यवस्था एका तत्त्वावर उभी राहिली: हरणाचा मृत्यू विकायचा नाही. टॅग हा त्या तत्त्वाचा पुरावा. टॅगवर नाव असतं ते एवढ्यासाठी, की सगळ्यांच्या ठेवीतून एक जनावर कमी झालं आणि त्याचा जबाब या माणसाकडे आहे. तो बाजाराचा माल नाही, एका नागरिकाचा वाटा आहे.

१९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना मिळू लागला, आणि अट अशी घातली की शिकार परवान्यांचं उत्पन्न राज्यानं दुसरीकडे वळवायचं नाही. अनेक राज्यांत दुसरीकडून हरणं आणून सोडली गेली. आज पांढऱ्या शेपटीची हरणं सुमारे तीन कोटी आहेत. म्हणजे परवाना आणि टॅग ही व्यवस्था चालली, हे मान्य करावंच लागेल.

या नियमांची काळी बाजू

पण मित्रहो, इथेच थांबलो तर आपण अर्धाच इतिहास सांगू. ‘सगळ्यांचं हरीण’ म्हणताना सगळ्यांत कोण कोण होतं?

शोशोनी आणि बॅनॉक जमातींशी १८६८ मध्ये अमेरिकी सरकारनं तह केला होता. सरकारच्या मोकळ्या जमिनींवर शिकारीचा हक्क त्यांना लेखी दिला होता. त्यावर विसंबून रेस हॉर्स नावाच्या बॅनॉक माणसानं १८९५ मध्ये वायोमिंगमध्ये एल्क मारले. राज्यानं त्याला धरलं. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८९६ मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध लागला. वायोमिंग राज्य झालं, तेव्हा तहातला हक्क संपला, असा तो युक्तिवाद. वर्ष बघा, गीअरचंच वर्ष. एकाच वर्षी न्यायालय म्हणतं की जनावरं सगळ्या लोकांची, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर जगणाऱ्यांना म्हणतं की तुमचा हक्क नाही. हा युक्तिवाद आता टिकत नाही असं न्यायालयानं स्पष्ट म्हणायला २०१९ उजाडलं, तेही क्रो जमातीच्या एका माणसाच्या खटल्यात.

न्यूयॉर्क राज्यातल्या अॅडिराँडॅक डोंगरांतही असंच काहीसं झालं. १८६९ मध्ये विल्यम मरे या धर्मोपदेशकाचं तिथल्या रानावनावरचं पुस्तक निघालं आणि शहरी माणसांची रीघ लागली. त्यांना वाट दाखवायला स्थानिक लोक पुढे आले. पोटासाठी हरीण मारणारा गावकरी उन्हाळ्यात पाहुण्यांचा वाटाड्या झाला. मग नियम आले, आणि गंमत अशी की ज्या माणसाचं ज्ञान पाहुणा पैसे देऊन विकत घेत होता, तोच माणूस बंदीच्या काळात घरच्या चुलीसाठी हरीण मारताना सापडला की चोर ठरू लागला. नियम बरेचसे शहरी शिकाऱ्यांच्या संघटनांच्या आग्रहानं झाले होते, त्यांच्या सुट्टीच्या सोयीनं. म्हणून टॅगचा नियम पवित्र आणि तो मोडणारा पापी, इतकं सोपं गणित आम्ही मांडणार नाही. भुकेपोटी मोडलेला नियम आणि नफ्यासाठी मोडलेला नियम यांत फरक करता आला पाहिजे.

वाटाड्याकडून आउटफिटरकडे

मेन राज्यानं १८९७ मध्ये वाटाड्यांची नोंदणी सुरू केली. पहिला परवाना मिळाला कॉर्नेलिया क्रॉस्बी या बाईंना. ‘फ्लाय रॉड’ या टोपणनावानं त्या प्रसिद्ध होत्या. वाटाड्याचं काम काय? जंगल दाखवणं, पाहुण्याला सुखरूप परत आणणं आणि कायदा पाळला जातोय ना यावर नजर ठेवणं. तो पाहुण्याचा नोकर होता आणि एका अर्थानं जंगलाचा साक्षीदारही होता.

हे दुहेरी नातं पैसा वाढला तसं ताणलं गेलं. आजचा हिशोब बघा. कॅन्सस, आयोवा, इलिनॉय या मक्याच्या पट्ट्यात हरणं धष्टपुष्ट होतात, शिंगं मोठी येतात. आउटफिटर शेतकऱ्यांकडून शिकारीपुरती जमीन भाड्यानं घेतो. दूरच्या राज्यातला पाहुणा काही हजार डॉलर मोजून पाच-सात दिवसांसाठी येतो. त्याच्याकडे एकच टॅग आहे. आता हरणाला काय माहीत की पाहुण्याची सुट्टी शनिवारी संपते? ते येईल तर येईल, नाही तर नाही. शिकार म्हणजे मुळात हाच जुगार.

पण धंद्याला जुगार परवडत नाही. रिकाम्या हातानं परत गेलेला पाहुणा पुढच्या वर्षी येत नाही, चार मित्रांना सांगतही नाही. जाहिरातीत भिंतीवरची शिंगं दाखवावी लागतात. त्यात शिंगांना गुण देण्याची पद्धत आहे. थिओडोर रुझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबनं १९५० मध्ये ती पक्की केली. खरं तर याच क्लबनं ‘फेअर चेस’ ही कल्पना पुढे आणली, म्हणजे जनावराला निसटायची खरीखुरी संधी असली पाहिजे. पण गुण आले की गुणांची हाव येते. आपल्याकडे परीक्षेतल्या टक्क्यांचं झालं तेच.

म्हणजे आउटफिटर नेमकं काय विकतो? कायद्यानं तो हरीण विकू शकत नाही. तो सेवा विकतो. पण गिऱ्हाईक मनातून विकत घेत असतं ती खात्री. आणि टॅगचा प्रामाणिक वापर केला तर खात्री देताच येत नाही. पहिल्या दिवशी लहान हरीण पडलं तर टॅग तिथेच लागला पाहिजे आणि पाहुण्यानं घरी गेलं पाहिजे. पाहुण्याचा नेम चुकला तर चुकला. त्याच्याकडे या विभागाचा टॅग नसेल तर नाही. प्रत्येक ‘नाही’पाशी धंद्याचं नुकसान उभं असतं. टॅगचे गैरवापर बघा, ते बरोबर या ‘नाही’च्या जागी होतात. दुसऱ्याच्या नावाचा टॅग, दुसऱ्या विभागाचा टॅग, उशिरा बांधलेला टॅग. प्रत्येक वेळी अनिश्चितता काढून तिथे खात्री भरलेली असते. माणसं दुष्ट असतात म्हणून हे होतं असं आम्हाला वाटत नाही. मालच असा आहे की तो शंभर टक्के द्यायचा तर नियम वाकवावा लागतो.

आणि यात सगळ्यांत कोंडी होते ती पगारी वाटाड्याची. हंगामापुरतं काम, पाहुण्याच्या बक्षिसीवर भिस्त, मालक वर. त्याला गोळी घालायला सांगितली तर नाही कसं म्हणायचं?

खटला आणि किमतीचा प्रश्न

कायद्यालाही हे उमजायला वेळ लागला. लेसी कायद्यात १९८१ मध्ये मोठ्या सुधारणा झाल्या. बेकायदा मारलेलं जनावर विकलं आणि किंमत साडेतीनशे डॉलरच्या वर असली तर पाच वर्षांपर्यंत कैद. पण आउटफिटर म्हणणार, आम्ही जनावर विकलंच कुठे? आम्ही तर वाट दाखवली. यावर न्यायालयांची मतं जुळेनात. शेवटी १९८८ मध्ये कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं की बेकायदा शिकारीसाठी पैसे घेऊन वाटाड्याची किंवा आउटफिटरची सेवा देणं, किंवा परवाना मिळवून देणं, म्हणजे जनावर विकणंच. शंभर वर्षांपूर्वी मांस विकणाऱ्याला लावलेलं तत्त्व आता खात्री विकणाऱ्याला लागलं.

कॅन्ससमध्ये कोल्डवॉटर गावाजवळ चाललेल्या एका शिकारतळाचा खटला या बाबतीत बोलका आहे. तो चालवणाऱ्या टेक्ससच्या दोघा भावांना २०११ मध्ये कैद झाली. आरोप कोणते? पाहुण्यांना मर्यादेपेक्षा जास्त हरणं मारू देणं, परवान्याशिवाय मारू देणं, चुकीच्या विभागाचे परवाने वापरणं, निषिद्ध वेळी आणि निषिद्ध साधनांनी शिकार. म्हणजे आपण आत्ता मोजलेली यादीच. पुढे अपिलात प्रश्न निघाला तो हरणाच्या किमतीचा. शिक्षा किमतीवर ठरते. मग किंमत कोणती धरायची? पाहुण्यानं पूर्ण सफरीसाठी मोजलेले हजारो डॉलर, की हरणाची स्वतःची किंमत? अपील न्यायालयानं २०१२ मध्ये सांगितलं की सफरीचा दर म्हणजे हरणाची किंमत नव्हे.

कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबर असेल. पण या प्रश्नात सगळा इतिहास आलाय की नाही बघा. जे विकायचं नाही असं ठरवलं, त्याची किंमत न्यायालयानं कशी काढायची?

राज्यच विकू लागलं तर?

आता एक अडचणीचा मुद्दा. आउटफिटरनं टॅगचा बाजार मांडला तर गुन्हा. पण राज्य स्वतः काय करतं? काही पश्चिमी राज्यं जमीनमालकांना काही टॅग देतात आणि ते विकायची मुभा देतात. कॅन्ससमध्येही काही वर्षं जमीनमालकाला आपला परवाना दुसऱ्याला देता येत होता, पुढे ती सोय बंद झाली. काही टॅगांचा तर जाहीर लिलाव होतो. युटा राज्यातल्या अँटेलोप आयलंडवरच्या एका म्यूल डिअरच्या टॅगला तीन लाख डॉलरहून जास्त बोली लागलेली आहे. एका हरणासाठी! त्याच राज्यात साधा माणूस सोडतीत नाव निघावं म्हणून वर्षानुवर्षं अर्ज भरत बसतो.

याच्या बाजूनंही बोलता येतं, आणि ते ऐकून घ्यायला हवं. शेतकरी म्हणतो, हरणं माझं पीक खातात, माझ्या कुंपणाची मोडतोड करतात, मग त्यांच्यापासून चार पैसे मला मिळाले तर मी त्यांना जागा ठेवीन, नाही तर रान नांगरून टाकीन. लिलावाचा पैसा वन्यजीवांच्या कामी येतो, हेही खरं आहे. पण दुसऱ्या बाजूनं बघितलं तर आपण पुन्हा १६७१ च्या दारात येऊन उभे राहतो. जमीन असेल किंवा पैसा असेल त्याची शिकार, बाकीच्यांनी सोडतीची वाट बघायची. राज्यानंच टॅगला किंमत लावली, की टॅग हा नागरिकाचा वाटा आहे हे आउटफिटरला कोणत्या तोंडानं सांगायचं?

आम्हाला दोन्हींत एक फरक दिसतो. लिलाव उघड्यावर होतो, त्याची नोंद राहते, त्यावर लोक भांडू शकतात आणि भांडतातही. खोटा टॅग मात्र लोकांच्या नजरेआड सगळ्यांच्या ठेवीत हात घालतो. पण हा फरक सांगितला म्हणून लिलावाचा प्रश्न सुटला, असंही नाही.

साक्षीदार

एक उदाहरण सांगून मुख्य मुद्द्याकडे येतो. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीच्या हंगामात गटानं शिकार करताना एकाचा टॅग दुसऱ्यानं पाडलेल्या हरणाला लावता येतो. शेजारच्या मिशिगनमध्ये तेच केलं तर गुन्हा. मग नीतीही सीमेवर बदलते की काय? विस्कॉन्सिनची अट बघा. दोघंही एकाच गटात शिकार करत असले पाहिजेत, एकमेकांना डोळ्यांनी दिसतील किंवा हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर. फोनवरून चालत नाही. म्हणजे ज्याचा टॅग वापरायचा तो तिथे हजर हवा.

आमच्या मते टॅगचा आत्मा इथे आहे. ट्रिगर कुणी ओढला यापेक्षा महत्त्वाचं हे, की ज्याच्या नावावर तो मृत्यू नोंदला गेला तो माणूस तिथे होता, त्यानं बघितलं, तो जबाबदार आहे. आजी घरात बसून असते आणि तिच्या नावाचा टॅग रानात फिरतो, तेव्हा नेमकं हेच नाहीसं होतं. मृत्यू राहतो, जबाब देणारा उरत नाही.

वन्यजीव व्यवस्थापनाचा पाया घालणारे आल्डो लिओपोल्ड स्वतः शिकारी होते आणि विस्कॉन्सिनमध्ये शिकवत होते. त्यांचं एक निरीक्षण होतं की खेळाडूला टाळ्या वाजवायला किंवा शिट्ट्या मारायला प्रेक्षक असतात, शिकाऱ्याला नसतात. तो जे करतो ते फक्त त्याच्या मनाला माहीत असतं. म्हणून तिथे कायद्यापेक्षा स्वतःच्या बोलीला जास्त किंमत. आज तर ही गोष्ट आणखीच खरी झाली आहे. २०१७ पासून विस्कॉन्सिनमध्ये हरणाला चिठ्ठी बांधायचीही सक्ती राहिली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ऑनलाइन किंवा फोनवर नोंद करायची. चिठ्ठी गेली, राहिला तो फक्त शब्द. आणि या नोंदींवरच पुढच्या वर्षी किती परवाने द्यायचे हे ठरतं. खोटी नोंद म्हणजे पुढच्या वर्षाच्या हिशोबात घातलेला खोटा आकडा.

आपल्याकडे

आता थोडं घराकडे वळू. मुंबई राज्यात १९५१ चा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा होता, शिकारीचे परवाने होते. मध्य भारतात जंगलाचे ब्लॉक पाडून ते ठरावीक दिवसांसाठी दिले जात, कोणता प्राणी किती मारायचा हे परवान्यावर असे. परदेशी पाहुण्यांसाठी शिकारसफरी आखणाऱ्या कंपन्या होत्या, आपल्या नागपुरातूनही हा व्यवसाय चालला. म्हणजे आउटफिटर हा प्राणी आपल्याला अगदीच अनोळखी नाही. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला शिकार परवान्यांची तरतूद होती, हे आज बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मारलेल्या प्राण्यांची नोंद ठेवण्याचं बंधनही त्यात होतं. १९९१ च्या दुरुस्तीनं ते सगळं काढून टाकलं. तोवर फार काही उरलंही नव्हतं. कान्हातले बारशिंगे १९७० मध्ये सहासष्टवर आले होते. कारणं अनेक होती, एकट्या परवानाधारक शिकाऱ्याच्या माथी ते मारता येणार नाही. पण आपण वाट निवडली ती बंदीची. अमेरिकेनं निवडली ती नोंदीची. बंदीला पहारेकरी लागतो आणि नोंदीला सचोटी लागते. दोन्ही महाग आहेत.

आम्ही आज एवढंच मांडलं, की शिंगाला बांधलेली ती चिठ्ठी म्हणजे पावती नाही. ‘हे सगळ्यांचं होतं, मी घेतलं, जबाब माझा’ असं लिहून देणं आहे ते. धंद्याला त्यात जागा आहे. जंगल दाखवा, जेवू घाला, त्याचे पैसे घ्या. पण दुसऱ्याचा जबाब विकायला काढला, की सव्वाशे वर्षांपूर्वी बंद केलेलं दुकान मागच्या दारानं उघडतं.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : मुळात मौजेसाठी प्राणी मारणंच अनैतिक आहे. मग टॅग खरा की खोटा याची चर्चा कशाला?

उत्तर : तुमचा आक्षेप समजतो, आणि या सभागृहातल्या बऱ्याच जणांचं मत तसंच असेल. पण तिथे हरणं तीन कोटी आहेत, बऱ्याच भागांतून लांडगे, प्यूमा गेलेले आहेत, आणि शिकार उद्या थांबणार नाही. अशा वेळी ‘सगळंच वाईट’ म्हटलं की कमी वाईट आणि जास्त वाईट यांतला फरक पुसला जातो. त्याचा फायदा खोटा टॅग लावणाऱ्यालाच होतो. शिकारीला विरोध करणाऱ्यालाही नोंद खरी असण्याची गरज आहे. नोंदच खोटी असेल तर तो विरोध कशाच्या आधारावर करणार?

प्रश्न : आपल्याकडे रोही आणि रानडुकरं पीक खातात. शेतकऱ्याला मारायची परवानगी द्यावी का?

उत्तर : कायद्यात ठरावीक परिस्थितीत तशी परवानगी देण्याची तरतूद आहे आणि महाराष्ट्रात ती वापरायचा विचारही झाला आहे. द्यावी की नाही, हे विदर्भातल्या शेतकऱ्याच्या रात्री जागून गेलेल्या डोळ्यांकडे बघून ठरवावं लागेल, इथून नाही. पण द्यायची असेल तर या इतिहासातून एक गोष्ट उचलावी. परवानगी कुणाच्या नावावर, मारलं कुणी, कुठे, किती, हे खरं नोंदलं गेलं पाहिजे, आणि ज्याच्या नावावर नोंद तो तिथे हजर असला पाहिजे. शेतकऱ्याच्या नावावर परवानगी आणि शिकार हौशी पाहुण्याची, असं सुरू झालं, तर ती मदत शेतकऱ्याला झाली असं म्हणता येणार नाही.